पडद्यावरून पुन्हा रंगभूमीवर

लोकांच्या अंतःकरणात घर करून बसलेल्या चित्रपटाचे संगीत नाटक करावयास निघणे हे मोठेच साहस होय. के. आसिफ यांचा 'मुगल-ए-आझम' 1960 साली पडद्यावर आला. फिरोज अब्बास खान यांनी 2016 साली मुंबईस तो रंगमंचावर उभा केला. आम्ही तो प्रयोग पाहिला, तेव्हा शेजारी बसलेले एक वृद्ध गृहस्थ प्रत्येक संवाद नटाच्या आधी ओठांतल्या ओठांत म्हणत होते. नट अडखळता, तर त्याला सांगावयास माणूस आयताच हजर होता! ज्याला सारे आधीच मुखोद्गत आहे, त्याला रंगभूमीने नवे काय द्यावे, हा प्रश्न आम्हांस तेथेच पडला.

वस्तुतः ही कथा रंगभूमीस परकी नव्हे. इम्तियाज अली ताज यांनी 1922 साली लिहिलेले 'अनारकली' हे उर्दू नाटक तिच्या मुळाशी आहे. चित्रपटातला अकबर रंगविणारे पृथ्वीराज कपूर हेही रंगभूमीवर मुरलेले नट. त्यांचा शब्द शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकासाठीच फेकलेला वाटे. त्यामुळे पितापुत्रांच्या कलहाचे प्रवेश नाटकात सहज रंगतात. ते आपल्या घरीच परतले आहेत.

परंतु त्या चित्रपटात अस्सल चित्रपटाचे असेही काही आहे. तानसेनाचे गाणे चालू आहे, बडे गुलाम अली खाँसाहेबांची सोहनी दुरून ऐकू येत आहे, आणि सलीम पिसाने अनारकलीच्या मुखावरून हळुवार स्पर्श करीत आहे. येथे अभिनय तो काय? मधुबालेच्या पापण्यांची किंचित हालचाल, एवढाच! कॅमेरा जवळ गेला म्हणूनच ती दिसली. दहाव्या रांगेतून पापण्या दिसत नाहीत. दिसते ते केवळ पीस.

शीशमहालाचेही तसेच. मूळ चित्रपट बहुतांशी कृष्णधवल होता. आरशांचा महाल एकाएकी रंगांत उजळला की डोळे दिपून जात. (2004 साली सारा चित्रपटच रंगविण्यात आला आणि ती गंमत हकनाक गेली.) नाटकात भरजरी वेष आणि झगमगीत कथक नृत्ये पहिल्या प्रवेशापासूनच आहेत, मग शीशमहालासाठी राखून ठेवावयाचे ते काय उरले? पाठीमागील पडद्यावर प्रकाशाने उमटविलेले महाल-मनोरे नेत्रांस सुखवितात, नाही असे नाही. तथापि पडद्याशी पडद्याच्याच शस्त्राने लढू पाहणारी रंगभूमी हरावयाचीच.

मग या प्रयोगाने कमावले काय? आमच्या मते, गाणारी अनारकली. पडद्यावर मुख मधुबालेचे आणि कंठ लताबाईंचा. ती जोडी अपूर्व खरी, पण ती जुळविलेली. येथे मात्र मुख आणि कंठ एकाच देहाचे. आम्ही पाहिलेल्या प्रयोगात अनारकली होत्या पुण्याच्या प्रियांका बर्वे. त्यांच्या गळ्यात लताबाईंचा तो पारदर्शक सूर शोधणाऱ्याने घरी ध्वनिमुद्रिका लावून बसावे. बादशहासमोर उभी राहून एक बाई खरोखरच गात आहे, तिला मध्ये दम घ्यावा लागत आहे, आणि तो घेतानाही तिची मान खाली गेलेली नाही: हे धैर्य आरशांतल्या शेकडो प्रतिबिंबांपेक्षा आम्हांस अधिक खरे वाटले. त्या दमाच्या ठिकाणी शेजारच्या गृहस्थांचे ओठही थांबले होते.

संगीत नाटकाच्या रसिकास यात नवल वाटू नये. बालगंधर्वांचे तेच पद आज एका अंगाने तर उद्या दुसऱ्या अंगाने फुले, आणि 'वन्समोअर' मिळाला की तिसऱ्याही! नौशाद यांच्या चालींस धक्का लावू नये हे आम्हांसही मान्य आहे. परंतु दिग्दर्शकांनी मूळ मुद्रिकेची मापे इतकी काटेकोर सांभाळली आहेत, की गायिकेस चार स्वरांचीही मोकळीक उरत नाही. पिसाचा तो प्रवेश खुशाल गाळावा, आणि त्यातून वाचलेला वेळ तिला द्यावा.