खुन्याला विश्वास, बेणारेला निकाल

औंध संस्थानाने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवले आणि कैद्यांना तटबंदीशिवाय, निव्वळ विश्वासावर तिथे ठेवले. त्याच संस्थानातल्या माडगुळ्याचे ग. दि. माडगूळकर यांनी या प्रयोगावरून कथा रचली आणि व्ही. शांताराम यांनी ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) काढला. त्यातले सहा खुनी प्रेक्षकांनी आपले मानले. माणसाने काय केले याआधी तो तिथवर कसा पोचला हे पाहण्याची ही दृष्टी गर्भपाताचा विचार करणाऱ्या बाईच्या वाट्याला मात्र क्वचितच येते. तिच्या बाबतीत पडदा थेट निकालच वाचून दाखवतो.

हे नाटककार विजय तेंडुलकरांनी केव्हाच ओळखले होते. त्यांच्या नाटकावरून सत्यदेव दुबे यांनी केलेला ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९७१चा. वैद्यकीय गर्भपाताचा कायदाही त्याच वर्षीचा. त्यातल्या खोट्या खटल्यात सोबतची मंडळी नायिका लीला बेणारेवर आरोप ठेवतात भ्रूणहत्येचा आणि शिक्षा फर्मावतात ती तिच्या पोटातला गर्भ नष्ट करण्याची. गर्भ राहो वा जावो, ठरवणारी ती नसावी, एवढाच त्या मंडळींचा आग्रह. पुढे ‘क्या कहना’ (२०००) आणि ‘मिमी’ (२०२१) यांच्या नायिका गर्भ ठेवतात. तो त्यांचा हक्कच. पण त्या चांगल्या असल्याचा पुरावाही कथा त्यातच शोधते. मालिकांची तऱ्हा आणखी सोपी: जिना, दूध, खलनायिका. गर्भ जातो, पण निर्णय कोणालाच घ्यावा लागत नाही.

यावर गंभीर आक्षेप आहे. सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळमध्ये २०१७ साली पुरलेले १९ भ्रूण सापडले. अशा मुलखात गर्भपाताकडे सहानुभूतीने पाहणे म्हणजे मुली मारणाऱ्यांना बळ देणे नव्हे काय? स्त्रीभ्रूणहत्येवरचा ‘वाय’ (२०२२) यासारखा चित्रपट गरजेचाच होता. पण लिंगनिदानाला बंदी घालणारा १९९४चा कायदा वेगळा आणि १९७१चा वेगळा. पहिल्यातला गुन्हा गर्भाचे लिंग शोधण्याचा. दुसरा ठरावीक अटींवर गर्भपाताची मुभा देतो आणि सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी मानतो, नवऱ्याची सही मागत नाही. मुलगी नको म्हणून सासरच्यांनी दवाखान्यात नेलेली सून आणि स्वतःहून आलेली बाई पडद्यावर एकाच रंगात रंगवली, की पहिलीवरची सक्ती झाकली जाते आणि दुसरी गुन्हेगार ठरते.

कायदेशीर, सुरक्षित गर्भपातात नाट्य ते काय, असेही विचारले जाईल. नाट्य शस्त्रक्रियेत नसतेच. पैसे कोण देणार, घरी काय सांगायचे, डॉक्टर लग्नाबद्दल का विचारतात, यात ते भरपूर आहे. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने चोवीस आठवड्यांपर्यंतच्या तरतुदीत विवाहित-अविवाहित हा भेद अमान्य केला. न्यायालय तिथवर पोचले. पटकथा अजून बेणारेच्या आरोपींच्या पिंजऱ्यातच घुटमळते आहे. तिला निर्दोष ठरवा, अशी मागणी नाही. आधी तिचे म्हणणे पूर्ण ऐकून घ्या, एवढेच.