गाळलेलें कलम

निकालपत्र म्हणजे वाङ्मय नव्हे, असें मानण्याची आपल्याकडे रूढि आहे. आम्हांस ती मान्य नाहीं. माणसाच्या घराचा उंबरठा कोणी व केव्हां ओलांडावा हें ज्या गद्यानें ठरतें, त्याचें परीक्षण कादंबरीच्या परीक्षणाइतकेंच काटेकोर व्हावयास हवें. या महिन्यांत आम्हीं घटनासमितीची डिसेंबर १९४८ ची चर्चा, सर्वोच्च न्यायालयाचा १९५४ चा शर्मा खटल्याचा निकाल आणि २०१७ चा पुट्टस्वामी खटल्याचा निकाल एकमेकांशेजारीं ठेवून वाचले. वाचतांना मनासमोर दिल्ली नव्हती; गडचिरोली जिल्ह्यांतील मुलचेरा होतें.

अमेरिकेच्या घटनेंत १७९१ पासून असें कलम आहे कीं, माणसाचें शरीर, घर, कागद व चीजवस्तु यांची अवाजवी झडती वा जप्ती होऊं नये. आणि शपथेवर सबळ कारण सांगून जागेचा व वस्तूंचा नेमका निर्देश केल्याखेरीज वॉरंट निघूं नये. डॉ. आंबेडकरांनीं मार्च १९४७ मध्यें सादर केलेल्या आपल्या मसुद्यांत हें तत्त्व घातलें होतें. समित्यांच्या वाटेंत तें गळालें. पुढें डिसेंबर १९४८ च्या पहिल्या आठवड्यांत तें दुरुस्तीच्या रूपानें सभागृहांत परत आणलें काझी सय्यद करीमुद्दीन यांनीं. हे गृहस्थ मध्यप्रांत-वऱ्हाडाचे प्रतिनिधि. म्हणजे त्या वेळच्या चांदा जिल्ह्याचे, आणि त्यांतील मुलचेऱ्याचेहि. आमच्या प्रांताच्या या माणसाचें नांव शाळेच्या पुस्तकांत आम्हांस कधीं भेटलें नाहीं, हें जातां जातां सांगून ठेवतों.

डॉ. आंबेडकरांनीं दुरुस्ती स्वीकारण्याची तयारी दाखविली. त्यांचा युक्तिवाद आम्हांस फार मार्मिक वाटतो. यांत नवें कांहीं नाहीं, फौजदारी कायद्यांत हें आहेच, असें ते प्रथम कबूल करतात. आणि लगेच म्हणतात कीं, उद्यांचें कायदेमंडळ तें पुसून टाकूं शकेल, म्हणून तें त्याच्या हाताबाहेर ठेवणें इष्ट. मतें घेतांना गोंधळ झाला, निर्णय पुढें ढकलला गेला, आणि अखेर दुरुस्ती फेटाळली गेली. मसुदाकारानें होय म्हणावें आणि सभेनें नाहीं म्हणावें, असा हा विलक्षण प्रसंग आहे.

आतां १९५४ चा निकाल पाहूं. दालमिया-जैन समूहांतील एका कंपनीच्या चौकशींत नोव्हेंबर १९५३ मध्यें ३४ ठिकाणीं झडत्या झाल्या होत्या. आठ न्यायमूर्तींपुढें मुख्य प्रश्न असा कीं, झडती घेणें म्हणजे आरोपीस स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास भाग पाडणें होय काय? झडती ही अधिकाऱ्याची कृति आहे, आरोपीची नव्हे, असें उत्तर त्यांनीं दिलें. तें पटो न पटो, त्यांत विचाराची शिस्त आहे. लेखणी तेथेंच ठेवली असती तर बरें झालें असतें. पण पुढें निकाल सांगतो कीं, घटनाकारांनीं अमेरिकेसारखें कलम घातलेलें नाहीं, तेव्हां तो हक्क ओढूनताणून आणण्याचें कारण नाहीं. खटल्याच्या मुख्य प्रश्नास फारसें आवश्यक नसलेलें हें वाक्य त्रेसष्ट वर्षें भिंतीसारखें उभें राहिलें.

न्यायमूर्तींवर अन्याय मात्र होऊं नये. कलम विसरून राहिलें नव्हतें. तें मतास टाकून नाकारलें गेलें होतें, आणि ही गोष्ट त्यांच्याच बाजूची आहे. स्वातंत्र्याचे कैवारी ती सोयीस्करपणें झांकतात, तें आम्हांस आवडत नाहीं. आमचा आक्षेप निराळा आहे. एक कलम नाकारलें म्हणजे एकविसाव्या अनुच्छेदांतील ‘वैयक्तिक स्वातंत्र्य’ हे शब्द तेवढ्यानें अर्थशून्य होत नाहींत.

मुलचेऱ्याच्या बाजूस हा प्रश्न उद्योगपतींच्या हिशेबवह्यांचा नाहीं. तेथें घराचा वासा, नांगर, बैलगाडी, बांबूची मोळी हीच चीजवस्तु. १९२७ च्या वनकायद्याप्रमाणें गुन्हा घडल्याचें मानण्यास कारण असलें कीं, लांकडाबरोबर हत्यारें, गाड्या व जनावरेंहि जप्त होऊं शकतात. त्याच कायद्याचें ६९ वें कलम तर असें गृहीत धरतें कीं, वादांतील वनोपज सरकारचें, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत. हें सिद्ध करावयाचें कोणीं? अंगणांतल्या लांकडाची पावती मागितली असतां जो नाकेदाराच्या तोंडाकडे पाहात राहतो, त्यानें. माडिया, गोंड, तेलुगुभाषी आणि पुढें वसविलेले बंगाली निर्वासित अशा या मुलखांत मराठींत लिहिलेल्या पंचनाम्यावर अंगठा उठतो, तेव्हां पंचांस काय कळलें असेल, असा विचार मनांत येतो. २००६ च्या वनहक्क कायद्यानें बांबू गौण वनोपजांत घातला. २०११ मध्यें धानोरा तालुक्यांतील मेंढा-लेखाच्या ग्रामसभेच्या हातीं वाहतूक परवान्यांचें पुस्तक आलें. जप्तीच्या कायद्यावरचा इतका बोलका अभिप्राय आम्हांस कोणत्याहि निकालपत्रांत आढळला नाहीं.

२४ ऑगस्ट २०१७ रोजीं नऊ न्यायमूर्तींनीं एकमतानें खाजगीपणाचा हक्क मूलभूत ठरविला आणि शर्मा निकालांतील त्याविरुद्धचा भाग रद्द केला. त्या नवांत मूळचे नागपूरचे न्या. शरद बोबडे होते, हें वाचून आम्हांस संतोष झाला. ग्रंथ थोर आहे, पण पसरट आहे; पाश्चात्य पंडितांची मांदियाळी पाहून कंटाळा येतो. त्याहून मोठें न्यून असें कीं, बेकायदा झडतींत सांपडलेला पुरावा कोर्टांत चालतो, हा पूरणमल खटल्यांतील १९७३ चा सिद्धांत त्यानें उलथविलेला नाहीं. आणि तो सिद्धांत तर शर्मा निकालाच्याच आधारानें उभा केलेला होता.

वनकायद्यांत ६२ वें कलम आहे: त्रास देण्यासाठीं विनाकारण जप्ती करणारा अधिकारी शिक्षेस पात्र. इंग्रजानें लिहिलेलें हें वाक्य शर्मा निकालांतील त्या वाक्यापेक्षां सरळ आहे. परंतु त्याचा उपयोग करावयाचा तर तक्रार करावी लागते, साक्षीदार न्यावे लागतात, आणि गाडी-बैल सुटेपर्यंत पेरणी थांबवून ठेवावी लागते.