एक धून आणि तिचे प्रत्यय

व्हिडिओ गेमच्या पार्श्वसंगीताला स्वतंत्र रचनेचा मान देण्यास रसिक सहसा तयार नसतात. खेळणाऱ्याचे चित्त पडद्यावर गुंतलेले असते; मग मागे वाजणाऱ्या सुरांची चिकित्सा कशासाठी, असा आक्षेप घेतला जातो. निन्टेन्डोच्या ‘सुपर मारिओ वर्ल्ड’ (जपान, १९९०) या खेळासाठी कोजी कोंडो यांनी केलेली रचना या आक्षेपाची कसोटी पाहणारी आहे.

या खेळातील बहुतेक प्रसंगांचे संगीत एकाच धुनेतून निघाले आहे. मोकळ्या भूमीवर ती धून खेळकर चालीने येते. उड्यांच्या कसरतीच्या प्रसंगी तिची लय द्रुत होते. पाण्याखाली तीच तीन मात्रांच्या वॉल्ट्झमध्ये डोलू लागते. किल्ल्यात तिला गंभीर, भयसूचक रूप प्राप्त होते. धातू एक आणि रूपे अनेक, असाच हा प्रकार होय.

सर्वांत लक्षणीय योजना योशी या वाहनरूप प्राण्याची आहे. मारिओ त्याच्या पाठीवर बसताच चालू धुनेत तालवाद्यांचा एक थर मिसळतो. तो उतरताच थर लोपतो, धून मात्र खंडित होत नाही. येथे संगीत केवळ प्रसंगाचे वातावरण सांगत नाही, तर ‘स्वार आहे’ आणि ‘स्वार नाही’ हा अर्थभेद व्यक्त करते. भाषेतील प्रत्ययाचे कार्य याहून निराळे ते काय? त्याच्या योजनेलाही मर्यादा आहे. किल्ल्याच्या दारी योशी बाहेरच थांबतो. म्हणून किल्ल्याच्या धुनेला हा प्रत्यय लागत नाही.

ही पुनरुक्ती यंत्राच्या मर्यादेतून आली, असे कोणी म्हणेल. सुपर फॅमिकॉमच्या ध्वनियंत्रणेस आठ वाहिन्या आणि अवघी ६४ किलोबाइट स्मृती होती, हे खरे. परंतु चार मात्रांची धून तीन मात्रांत बसवावयाची म्हणजे स्वरलेखन नव्याने करणे आलेच. त्यात स्मृतीची बचत फारशी होत नाही. तेव्हा ही एकसूत्रता दारिद्र्यातून नव्हे, निवडीतून आली, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

तथापि एक उणीव नोंदवणे प्राप्त आहे. किल्ल्याच्या रूपात मूळ धून इतकी झाकली जाते की, तिचे नाते विश्लेषकास उमगले तरी खेळणाऱ्याच्या कानास बहुधा जाणवत नाही. जे नाते श्रोत्यास प्रतीत होत नाही, ते व्युत्पत्तीचे सत्य असेल, व्यवहाराचे नव्हे. योशीच्या तालाचे यश नेमके येथेच आहे. तो भेद एखाद्या बालकासही शिकवावा लागत नाही. पार्श्वसंगीताचे मूल्यमापन करावयाचे तर, ऐकणाऱ्याला न सांगता काय कळते, हाच त्याचा निकष ठरावा.