वीराचा टाक

तिकोणा गड १६५७ साली स्वराज्यात आला, १६६५ मध्ये पुरंदरच्या तहात मोगलांकडे गेला, पुढे परत घेतला गेला आणि १८१८ मध्ये इंग्रजांच्या हाती पडला. गडाचे धनी असे बदलत राहिले. गडावर राबलेल्या, लढलेल्या पवन मावळातल्या साध्या माणसांची नावं कागदांत फारशी सापडत नाहीत. घरागावांनी आपल्या परीनं त्यांची आठवण धरून ठेवली: देवळापाशी वीरगळ, देव्हाऱ्यात टाक. या दोहोंत टाक मला अधिक मोठी कलाकृती वाटतो.

वीरगळ खालून वर वाचायचा. तळाच्या चौकटीत वीर आडवा पडलेला, पुष्कळदा शेजारी गुरं; त्यावर लढाई; त्यावर अप्सरा त्याला घेऊन निघालेल्या; सर्वांत वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला आणि माथ्यावर चंद्रसूर्य. मांडणी चोख आहे, पण ती त्याच्या मरणाची कथा. तो कुणाचा बाप होता, कुणाचा दीर, हे दगड सांगत नाही. तो गावासाठी पडला, एवढं गावाला पुरतं.

टाक घरचा. तळहातात मावेल एवढा चांदीचा पातळ पत्रा, ठशावर ठोकून त्यात आकृती उठवलेली. त्यावर घोडेस्वार, हातात तलवार किंवा भाला. शेजारचा खंडोबाचा टाक पाहा: तिथंही घोडा आणि तलवार, पण सोबत म्हाळसा आणि पायाशी कुत्रा. वीर बहुधा एकटाच. शत्रू नाही, जखम नाही, रण नाही. सोनारानं मरणाचा सगळा प्रसंग काढून टाकला आणि घोड्यावर ताठ बसलेला माणूस तेवढा ठेवला. तो निघाला आहे की परत आला आहे, हे आकृतीवरून ठरत नाही. या टाकाची गोडी मला इथंच लागते. घरच्यांनी त्याला शेवटचं पाहिलं असेल ते असंच, अंगणातून जाताना.

एकाच ठशातून कित्येक घरांचे वीर निघतात, त्यामुळे चेहरा कुणाचाच नाही. व्यक्तिचित्र म्हणून ही उणीव; देव्हाऱ्यात ती जाणवत नाही, कारण ओळख घरातली म्हातारी करून देते, ‘हा आपला वीर.’ दसऱ्याला देव उजळताना चिंचेनं घासून घासून नाक-मिशा सपाट होतात. तरी गंधफूल आणि सणाचा नैवेद्य त्याला चुकत नाही. लग्नकार्यात त्याचा मान काढतात. घरचे देव जेजुरीला भेटीला निघाले की त्यांच्याबरोबर तोही निघतो. नाशिकला तर धुळवडीला वीरांचे टाक वाजतगाजत गोदावरीवर नेतात. गेलेल्या माणसाला घरात एवढं वावरू देणारं दुसरं शिल्प मला माहीत नाही.

हा मान मात्र अकाली गेलेल्याचा. तो लढाईतच गेलेला असावा असंही नाही. तरणाताठा, लग्नाविना गेलेलाही वीर होतो. पण जो फौजेत उमेदीची वर्षं घालवून सुखरूप परतला, पेन्शनीवर भातशेती केली, मुलींची लग्नं केली, नातवंडांना बोटाला धरून गडावर नेलं आणि म्हातारपणी आपल्या खाटेवर डोळे मिटले, त्याला टाक नाही. तो पितरांत जातो. पितृपक्षात त्याच्या नावानं पान वाढतात. एवढ्या मायाळू परंपरेत ही एक जागा मला रिकामी वाटते. त्याच्या वाट्याला भिंतीवरचा फोटो येतो, तोही बहुधा वर्दीतला, तरुणपणचा. नातवंडांचे आजोबा तर सदरा-टोपीतले.

दसऱ्याला अवजारं आणि शस्त्रं पुजतात त्या पाटावर कोयत्याशेजारी त्याची पदकंही मांडावीत, असं मला मनापासून वाटतं. फौजी पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर आणि नाव कोरलेलं असतं. नातवाला ते वाचता येईल.