दोन पिंपांमधला क्रम

ऊस लागणीच्या शिफारशींत बेणेप्रक्रियेच्या वाट्याला जेमतेम दोन वाक्यं येतात. १०० लिटर पाण्यात १०० ग्रॅम कार्बेन्डाझिम आणि ३०० मिली मॅलेथिऑन घालून टिपरी १० मिनिटं बुडवावीत. नंतर दुसऱ्या १०० लिटर पाण्यात १० किलो अ‍ॅसिटोबॅक्टर आणि सव्वा किलो स्फुरद विरघळवणारं जिवाणूखत कालवून त्यात ती अर्धा तास ठेवावीत. वाळव्यापासून कराड-फलटणपर्यंत ही प्रमाणं अनेकांना पाठ असतात. मी मात्र भुललो आहे त्यांच्या क्रमावर. आधी मारणारं, मग जगवणारं.

कोयत्याने नुकतीच तोडलेली दोन डोळ्यांची टिपरी हातात घेऊन बघा. डोळे खवल्यांआड बंद असतात, पण दोन्ही टोकं उघडी, रसाने चिकट. जमिनीतली बुरशी तिथूनच शिरते. अननस रोग झालेली टिपरी उभी चिरली की आत आधी लाली, मग काळेपणा दिसतो आणि पिकल्या अननसाचा वास येतो. पहिलं पिंप ही वाट अडवतं, अंगावरची खवलेकीड आणि पिठ्या ढेकूणही मारतं.

आणि दुसरं पिंप त्याच ओल्या कापातून पाहुण्याला आत घेतं! १९८८ साली ब्राझीलच्या उसात सापडलेला अ‍ॅसिटोबॅक्टर हा जिवाणू गोड रसातच बस्तान मांडतो आणि हवेतला नत्र उसाला मिळवून देतो. त्याच्या भरवशावर नत्रखताची मात्रा निम्म्यावर आणायची शिफारस आहे. एकाच जखमेचा इतका नेमका दुहेरी उपयोग मला शेतीत दुसरीकडे क्वचितच दिसला.

या दोन वाक्यांची धाव कापापुरती, हेही खरं. टिपरीच्या पोटात मुरलेली गवताळ वाढीच्या रोगाची बाधा पिंपाला दाद देत नाही. तिच्यासाठी मूलभूत बेण्याला ५४ अंशांच्या उष्ण-दमट हवेत अडीच तास ठेवावं लागतं. म्हणून तर बेणेमळा वेगळा राखायचा. पाडेगावहून १९९६ साली प्रसारित झालेल्या को ८६०३२ सारखा वाणही बेणं बिघडलं की उतरतो.

उक्त्या टोळीची घाई असते, म्हणून दोन्ही औषधं एकाच पिंपात ओतली जातात, तेव्हा जीव हळहळतो. विषात कालवलेल्या जिवाणूंचा निभाव लागत नाही. पहिल्या पिंपातली टिपरी सावलीत निथळून सुकू द्यावी. तेवढा वेळ टोळीशी मजुरी ठरवतानाच बोलून घ्यावा. आणि आडसालीची लागण ऐन पावसात येते, तेव्हा दुसरं पिंप गोठ्याच्या छपराखाली मांडावं.