काबूल कशाने पडले?

‘रशियन फौजा गेल्या आणि नजीबुल्ला कोसळले’ हे विधान आपल्याकडच्या लेखांत वारंवार आढळते. मला ते पटत नाही. १५ फेब्रुवारी १९८९ रोजी जनरल ग्रोमोव अमू दर्यावरचा पूल ओलांडून परतले. पुढच्याच महिन्यात पाकिस्तानच्या पाठबळावर मुजाहिदीनांनी जलालाबादवर चढवलेला हल्ला फसला. राजवट एप्रिल १९९२पर्यंत टिकली, ती मॉस्कोच्या पैशावर, इंधनावर, धान्यावर. दोस्तमसारख्यांच्या टोळ्याही त्यावरच पोसलेल्या. पगारी निष्ठाच ती! सोव्हिएत संघ विसर्जित झाला, १९९२च्या जानेवारीपासून मदत थांबली आणि दोस्तम फिरले. नजीबुल्लांना भारतात यायचे होते. विमानतळावर त्यांची वाट अडवली ती दोस्तमच्याच माणसांनी.