बाप्तिस्म्यानंतरचा दिवस

संत ऑगस्टीनच्या 'कन्फेशन्स'मधली नासपतीची चोरी बहुतेकांना ठाऊक असते. सोळा वर्षांचा पोरगा, सोबत टोळके, रात्री झाड झोडपून फळे पळवली आणि डुकरांपुढे टाकली. मिलानची बागही ठाऊक असते, जिथे 386 साली त्याचे मन पालटले. नवव्या भागात बाप्तिस्मा होतो, आई वारते आणि वाचक पुस्तक मिटतो. कथा संपली, असे त्याला वाटते. मला मात्र दहावा भाग अधिक महत्त्वाचा वाटत आला आहे. (लॅटिन मला येत नाही. दोन इंग्रजी भाषांतरे शेजारी ठेवून मी तो वाचला आहे.)

हा भाग लिहिताना ऑगस्टीन हिप्पोचा बिशप आहे. बाप्तिस्म्याला दहा-बारा वर्षे झाली आहेत. तरी तो स्वतःची झडती घेतो, आणि त्या झडतीत सापडते काय? जेवण औषधासारखे घ्यावे हे त्याला पटले आहे, पण भूक कुठे संपते आणि चव कुठे सुरू होते हे त्याला कळत नाही. प्रार्थनामंदिरातले गायन ऐकताना शब्दांपेक्षा सूर मनाला अधिक भिडला, तर तेवढ्यापुरते आपण चुकलो असे तो मानतो. शर्यती पाहायला तो आता जात नाही, पण वाटेत शेतात कुत्रा सशामागे धावताना दिसला की मन तिकडे धावते. घरात बसल्या बसल्या पाल माशी पकडते, कोळी जाळ्यात किडा गुंडाळतो, आणि हा बघत राहतो. सर्वांत अवघड स्तुती. तिची हाव सुटली की नाही हे तपासायचे कसे? वाईट वागून लोकांची वाहवा घालवून पाहायची? बरे, स्तुती तुच्छ लेखावी, तर त्या तुच्छतेचाही गर्व होतो.

आपल्याकडच्या वाचकाला हे वाचून हसू येते. पालीकडे पाहणे हे पाप? या हसण्यामागे 'पाप' या शब्दाचा आपला वापर आहे. आपले पाप मोजता येते. ते घडते, साचते, दान-तीर्थाने फिटते. पालीकडे पाहणे अशा हिशेबात बसणार नाही. ऑगस्टीन पालीची नोंद करतो ती गुन्हा म्हणून नव्हे. आपले मन कोणत्या उतारावर आपोआप घरंगळते, याची ती खूण आहे. चोरी, व्यभिचार सुटले तरी उतार तसाच राहतो, आणि पावित्र्याचे काम त्या उतारावर, रोजच्या रोज करावे लागते.

पण या वाटेवर एक खड्डा आहे. लॅटिनमध्ये 'स्क्रूपुलस' म्हणजे टोकदार बारीक खडा. तोच शब्द पुढे मनाला सलणाऱ्या शंकेसाठी रूढ झाला. इग्नेशियस लोयोला 1522 साली मानरेसाला असताना या खड्याने इतका बेजार झाला, की कबूल केलेली पापे पुन्हापुन्हा कबूल करूनही त्याचे समाधान होईना आणि जीव देण्याचे विचार मनात येऊ लागले. त्यातून बाहेर आल्यावर त्याने जी साधना लिहून काढली, आणि 1548 साली पोपने मान्य केली, तिच्यात आत्मपरीक्षणाला चक्क आखणी आहे. एका वेळी एकच दोष घ्यायचा. सकाळी निश्चय, दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर झडती. चुकलो की छातीला हात लावायचा. प्रत्येक दिवसासाठी दोन रेघा, त्यांवर चुकांचे ठिपके, आणि पुढच्या दिवसांच्या रेघा आखूड. ही वही कोरडी वाटते, पण मला तिच्यात दया दिसते. झडतीला वेळ ठरवून दिली, म्हणजे उरलेला दिवस माणूस मोकळा. 'क्रिस्तपुराण' लिहिणारे फादर स्टीफन्स याच संघाचे होते.

खड्याचा हा आजार मराठी वाचकाने दुसऱ्या नावाने पाहिलेला आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'त, अगदी आरंभी. 1857च्या धामधुमीनंतर त्यांचे वडील सोवळ्याच्या नादी लागले. बाजारातून आलेले सगळे, मीठसुद्धा, धुतले जाई. आपण ते प्रकरण विक्षिप्तपणाचे चित्र म्हणून मजेने वाचतो. पण धुणारा माणूस आणि पुन्हापुन्हा कबुली देणारा इग्नेशियस यांच्यात अंतर किती? दोघांनाही मळ संपल्याची खात्री हवी आहे, आणि ती मिळत नाही.

टीकाकारांनी 'स्मृतिचित्रां'चे कौतुक केले ते सहजता, विनोद आणि संसाराचे चित्रण यांसाठी. ते योग्यच आहे. मात्र त्या कौतुकात पुस्तकाचा धर्म बाजूला पडला, आणि ख्रिस्ती होणे ही कथानकातली एक खळबळजनक घटना तेवढी उरली. बाबा पदमनजींच्या 'अरुणोदया'त मतांतर हाच गाभा आहे, आणि नावच तसे आहे: पहाट झाली. लक्ष्मीबाईंची गोष्ट पहाटेपाशी थांबत नाही. टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी 1900 साली. परत एकत्र आल्यावर त्यांचे पाणी आणि स्वयंपाक वेगळाच होता. आधी त्यांच्या मनातली जात गेली, मग त्या ख्रिस्ती झाल्या. हा क्रम मला फार अर्थपूर्ण वाटतो. वडिलांच्या घरातले पावित्र्य हाताला चिकटलेले होते, ते त्यांनी तिथून सोडवले. मळ बाहेरून लागत नाही, आतून निघतो, हे येशूचे म्हणणे त्यांनी आधी स्वयंपाकघरात मानले.

आणि पुढे? पुढे भांडणे चालूच. टिळकांचा संताप, लक्ष्मीबाईंचा हट्ट, रुसवे, पैशांची ओढाताण. 1917 साली टिळक संन्यस्त होऊन 'देवाच्या दरबारा'ची हाक देतात, लोक त्यांना संत म्हणू लागतात, आणि पत्नी मात्र त्यांचा राग आणि माया एकाच हाताने लिहिते. स्वतःलाही ती सोडत नाही. 'पाप' हा शब्द ती क्वचितच वापरते. ती हसते. त्या हसण्याला आपण विनोद म्हणून मोकळे झालो. मला ते हसणे हीच तिची झडती वाटते. स्वतःचा हट्ट पाहायचा, त्याचे नीट वर्णन करायचे, त्याला मोठेपण द्यायचे नाही आणि पुढे कामाला लागायचे. दुष्काळातली पोरकी मुले घरात घ्यायची, टिळकांच्या मागे अपुरे 'ख्रिस्तायन' पुढे न्यायचे. मळाची भीती घालवण्याचा हा मार्ग इग्नेशियसच्या आखलेल्या वहीपेक्षा कमी शिस्तीचा नाही.

एका बाबतीत तर मी लक्ष्मीबाईंना ऑगस्टीनच्या पुढे ठेवीन. त्याच्या दहाव्या भागात देव आहे आणि तो आहे; तिसरे माणूस जवळजवळ नाही. लक्ष्मीबाईंच्या प्रत्येक चुकीत कुणीतरी समोर असते: नवरा, मूल, शेजारीण. ज्याच्यावर ओरडलो तो चेहरा त्या दाखवतात. ऑगस्टीन ज्या बाईबरोबर अनेक वर्षे राहिला, जी त्याच्या मुलाची आई, तिला सोडून देताना आपले काळीज फाटले असे तो सांगतो, पण तिचे नाव सबंध ग्रंथात नाही. दहाव्या भागात पालीला मात्र जागा आहे.